शेवटचा शब्द गळतो असं वाटतं

भूपेंद्र नेहेतेला समोरासमोर ओळखणाऱ्या कोणाला तो उद्धट आहे असं सांगितलं असतं, तर त्या माणसाला हसू आलं असतं. जळगावच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात तो संगणकाची लॅब सांभाळायचा. शिपायालाही ‘भाऊ’ म्हणायचा. एसटीत चढताना एखादी अक्का मागे दिसली की बाजूला सरून आधी तिला चढू द्यायचा. फैजपूरला आईकडे गेला की आळीतल्या चार घरी चहा घेतल्याशिवाय परतायचा नाही. पंधरा वर्षांच्या संसारात त्याचा चढलेला आवाज बायकोनंही दोनदाच ऐकला होता.

पडद्यासमोर लिहायला बसला की मात्र हाच माणूस ओळखू यायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्यानं ‘ऐकव’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवर आलेला मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. प्रोग्राम सगळ्यांना फुकट, त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला. ज्याला कोड कळतो त्यानं दुरुस्ती पाठवावी, ज्याला कळत नाही त्यानं काय बिघडलं ते सार्वजनिक पानावर लिहावं, अशी रीत होती. पगार कोणालाच नव्हता. भूपेंद्र कॉलेज सुटल्यावर दोन-तीन तास त्यातच असायचा, आणि कोणती दुरुस्ती घ्यायची, कोणती तक्रार बंद करायची, हे तोच ठरवायचा.

आवाज धुळ्याच्या प्रमिलाबाई बोरसेंचा. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचं वाचन इतकं स्वच्छ की वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ‘श’ आणि ‘ष’ वेगळे पोचायचे. देवपुरातल्या त्यांच्या घरी, धान्याच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगून, अठरा दिवस भूपेंद्रनं त्यांच्याकडून चार हजार वाक्यं वाचून घेतली होती. त्या वाक्यांचे तुकडे जोडून प्रोग्राम हवं ते बोलायचा. त्यामुळे खानदेशापासून कोकणापर्यंत हजारो घरांत प्रमिलाबाई रोज काही ना काही वाचून दाखवत होत्या. लाइटबिलाचा मेसेज, परीक्षेची नोटीस, भाच्याच्या लग्नाची पत्रिका.

पहिली काही वर्षं छान गेली. मग वापरणारे वाढले आणि पानावर तक्रारी वाढल्या. ‘चालत नाही.’ ‘बंद पडलं.’ ‘लवकर करा ना.’ कोणता फोन, काय केल्यावर बंद पडलं, काही पत्ता नाही. भूपेंद्र आधी समजावून विचारायचा. मग थोडक्यात विचारू लागला. मग टोचून लिहू लागला. टोचून लिहिलं की समोरचा गप्प बसतो आणि वेळ वाचतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तिथून ती सवयच झाली.

त्याच्याबरोबर कोड लिहिणारा हितेंद्र, मूळचा चोपड्याचा, पुण्यात नोकरीला, त्यानं एकदा फोन केला. “भूपेंद्रभाऊ, त्या शिरपूरच्या बाईंना तू लिहिलंस ते जरा जास्त झालं. पहिल्यांदाच लिहीत होत्या त्या.”

“मग पहिल्यांदाच नीट लिहायचं. मी काय लग्नाला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायला बसलोय का?”

“स्वागत नको करू. पण माणसं पळतील.”

“पळणारी पळू दे. काम करणारी राहतील.”

हितेंद्रनं आणखी वर्षभर काम केलं आणि एक दिवस, नोकरीत वेळ मिळत नाही, असं दोन ओळींत लिहून तो थांबला. भूपेंद्रला ते खरं वाटलं.

माणसं सगळी पळाली नव्हती याचं कारण सुलक्षणा होती. एरंडोलला भावाच्या पंपाच्या दुकानात ती फोन घ्यायची, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ध्यानात ठेवायची. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. कोड येत नव्हता, पण पानावर कोणी नवीन आलं की पहिलं उत्तर तिचं असायचं. ‘स्वागत आहे. घाबरू नका. तुमचा फोन कोणता ते सांगा, आपण मिळून बघू.’ अर्ध्या तक्रारी ती तिथेच मिटवायची. भूपेंद्रनं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचे आभारही कधी मानले नव्हते.

गेल्या वर्षी जूनमध्ये भूपेंद्रनं नवी आवृत्ती काढली. आवाज लवकर सुरू व्हावा म्हणून त्यात मजकूर तुकड्यातुकड्यांनी पुढे जायचा. महिनाभराची मेहनत होती. आठव्या दिवशी पानावर सुलक्षणाची तक्रार आली. वर लिहिलं होतं, ‘शेवटचा शब्द गळतो असं वाटतं’. खाली, ‘भूपेंद्रसर, नवीन आवृत्ती छान आहे, वेग आवडला. पण कधीकधी मेसेजच्या शेवटी काहीतरी राहून जातं असं वाटतं. नक्की सांगता येत नाही. माझ्या आईच्या फोनवर ऐकलं की जास्त होतं. वेळ मिळाल्यास कृपया बघावे.’

त्या दिवशी तिच्या आधी सात जणांनी ‘चालत नाही’ म्हणून लिहिलं होतं. भूपेंद्रनं स्वतःच्या फोनवर पाच वाक्यं चालवून पाहिली. सगळी शेवटपर्यंत वाचली गेली. त्यानं उत्तर लिहिलं.

‘“काहीतरी” आणि “असं वाटतं” यावर कोड दुरुस्त होत नाही. इतक्या वर्षांनी तुम्हाला तरी हे कळायला हवं होतं. माझ्याकडे सगळं व्यवस्थित चालतं. फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढायला काही लागत नाही. आधी नीट बघून मग लिहीत जा. बंद करतोय.’

दोन जणांनी त्या उत्तराला पसंतीचा अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी सुलक्षणानं लिहिलं, ‘समजलं. धन्यवाद.’

त्यानंतर ती पानावर आली नाही. नवीन माणसांना उत्तर देणारं कोणी उरलं नाही, आणि हळूहळू नवीन माणसंही येईनाशी झाली. दिवाळीपर्यंत पान जवळजवळ शांत झालं. भूपेंद्र बायकोला म्हणाला, “आता कुठे प्रोग्राम पक्का झालाय. दोन महिन्यांत एक तक्रार नाही.”

फेब्रुवारीत, दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना, प्रमिलाबाईंचा फोन आला. तो बाहेर व्हरांड्यात गेला.

“बाई, नमस्कार. बोला ना.”

“भूपेंद्र, माझ्यासमोर ललिता बसली आहे.” बाई नेहमीसारख्या स्पष्ट बोलत होत्या, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या. “मी अमळनेरला शिकवत होते तेव्हाची माझी विद्यार्थिनी. तिचे वडील झुलालनाना, तेलाच्या मिलमध्ये फिटर होते. साखरेनं डोळे गेले होते त्यांचे. दिवाळीत तिनं त्यांच्या फोनवर ‘ऐकव’ टाकून दिलं, आमच्या बाईंचा आवाज आहे म्हणून.”

“बरं.”

“नाना वारले. आज सोळा दिवस झाले.”

“वाईट झालं, बाई.”

“पुढे ऐक. नाना एकटेच राहायचे. इन्सुलिनचं पेन खटके मोजून स्वतः घ्यायचे. त्या दिवशी रिपोर्ट आला, साखर फार उतरली होती, डॉक्टरांनी ललिताला सांगितलं, आज रात्रीचा डोस घ्यायचा नाही. हिनं तीनदा फोन लावला, लागेना. मग लिहून पाठवलं. मी वाचते. ‘नाना डॉक्टरांशी बोलले रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं नाही.’ नानांचं उत्तर आलं, ‘बरं बेटा.’ ही निश्चिंत झाली. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तर उठेनात. इथे धुळ्याला दवाखान्यात आणलं. दोन दिवसांनी गेले.”

व्हरांड्याच्या टोकाला मुलं हसत होती. भूपेंद्रनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“सगळं आटोपल्यावर हिनं त्यांचा फोन घेतला आणि तो मेसेज ऐकला. माझ्या आवाजात. आत्ता माझ्यासमोर पुन्हा लावला. भूपेंद्र, मी ‘रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं’ एवढंच म्हणते आणि थांबते.”

तो लॅबमध्ये परतला. पोरांना सोडून दिलं. कपाटात जुने, स्वस्त फोन होते, त्यातला एक काढून चार्जिंगला लावला, नवी आवृत्ती टाकली. तेच वाक्य लिहिलं. प्रमिलाबाईंनी वाचलं, ‘रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं.’ त्यानं शेवटी टिंब दिलं. ‘रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं नाही.’ टिंब काढलं. ‘घ्यायचं.’

मजकुराचा तुकडा टिंब, प्रश्नचिन्ह असं काही आलं की पुढे सरकत होता. शेवटी काहीच नसेल तर मागच्या शब्दापर्यंत वाचून उरलेला शब्द तसाच पडून राहायचा. महागड्या फोनवर तो उशिरा का होईना बाहेर पडायचा, स्वस्त फोनवर पडायचाच नाही. भूपेंद्रला आयुष्यभर प्रत्येक वाक्यानंतर टिंब द्यायची सवय होती. जूनमध्ये त्यानं चालवून पाहिलेल्या पाचही वाक्यांना टिंब होतं. फोनवर घाईत लिहिणारी माणसं टिंब देत नाहीत, आणि मराठीत ‘नाही’ शेवटीच येतो.

दोन ओळींची दुरुस्ती होती. अंधार पडायच्या आत त्यानं ती सगळीकडे पाठवून दिली. मग जूनचं पान उघडलं. सुलक्षणाची तक्रार आणि खालचं आपलं उत्तर त्यानं पहिल्यांदाच, दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखं वाचलं. ‘आधी नीट बघून.’ हे आपण कोणाला लिहिलं होतं, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं.

शनिवारी तो एरंडोलला गेला. पंपाच्या दुकानात पाइपांच्या गुंडाळ्यांमागे एका टेबलाशी सुलक्षणा बसली होती. भावानं ओळख करून दिली. ती उठून उभी राहिली.

“सर, तुम्ही स्वतः आलात? बसा ना. दादा, यांना चहा सांग.”

“चहा नको.”

“असं कसं. लांबून आलात.”

चहा येईपर्यंत भूपेंद्रनं सगळं सांगितलं. नाना, मेसेज, टिंब. सुलक्षणाचा चेहरा त्याच्याकडे होता आणि हात टेबलावरच्या फोनवर स्थिर होते.

“टिंबाचं आम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“आम्हाला म्हणजे?”

“आमचा एक ग्रुप आहे, बोलून मेसेज टाकायचा. चौदा जण आहोत. जुलैमध्येच उखर्डूमामांच्या लक्षात आलं, शेवटी टिंब दिलं की सगळं वाचतं. मग आम्ही घरोघरी सांगून ठेवलं, आम्हाला लिहाल तर शेवटी टिंब द्या. माझी आई तर बाजाराच्या यादीलाही टिंब देते.”

“आणि मला कोणीच...”

“कोण लिहिणार, सर? उखर्डूमामा म्हणाले, मला शुद्ध लिहिता येत नाही, मी नाही लिहिणार. बाकीचे म्हणाले, सुलक्षणाला असं बोलले तर आपल्याला काय बोलतील.” तिनं टेबलावरचा फोन जवळ ओढला. “मी लिहायला घेतलं होतं. फोनचं नाव, सहा वाक्यं, टिंबासकट, टिंबाशिवाय, किती वेळा केलं, सगळं. तुम्हाला पाहिजे तसं. मग पुसून टाकलं.”

“का?”

“तुमचं आधीचं उत्तर मी ऐकलं ना, ते बाईंच्या आवाजात ऐकलं. शाळेची पुस्तकं त्या आवाजात ऐकली होती मी. तोच आवाज मला म्हणाला, नीट बघून लिहीत जा.” ती हे शांतपणेच सांगत होती. “चार दिवस मी फोन बंद ठेवला होता. पुन्हा तसं ऐकायची हिंमत झाली नाही.”

“माझं चुकलं, सुलक्षणा. मी माफी मागायला आलोय. मला ते... लिहिताना कळलंच नाही.”

“हो.”

दुकानात एक शेतकरी मोटारीचा भाव विचारत होता. भाऊ त्याच्याशी बोलत होता.

“तुम्ही पानावर परत याल का?” भूपेंद्रनं विचारलं. “तुम्ही म्हणाल तसे नियम करू. कोणाला कसं उत्तर द्यायचं, ते तुम्ही ठरवा.”

“नाही, सर.”

“थोडा वेळ घ्या, मग...”

“वेळेचा प्रश्न नाही. आम्ही चौदा जणांनी आपापलं घर सांभाळलं. नाना आमच्या ग्रुपमध्ये नव्हते, म्हणून त्यांना कोणी सांगितलं नाही. मी ती सहा वाक्यं पाठवली असती तर? तुम्ही चार शब्द वाकडे बोलला असता, एवढंच ना?” तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “तुमचं तुम्ही बघा. मला माझं बघायचं आहे.”

मग तिनं चाचपून चहाचा कप त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, “घ्या. निवतोय.”

प्रमिलाबाईंना त्यानं फोन करून सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा आवाज काढून टाक, असं सांगणार होते तुला. दोन दिवस तेच डोक्यात होतं. पण मग त्या लोकांनी ऐकायचं काय? राहू दे.” आणि मग, “ललिताला सांगितलंस का, तुला आधी कळलं होतं ते?”

“नाही.”

“सांग. माझ्याकडून कळायला नको.”

ललिता अमळनेरला वडिलांचं घर आवरत होती. भूपेंद्र स्टेशनवरून चालत गेला. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर भांड्यांची पोती भरून ठेवलेली. पस्तिशीची ललिता, डोक्याला फडकं बांधलेलं. बाईंनी पाठवलं म्हटल्यावर तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. “तुम्हीच का ते प्रोग्रामवाले? बाई म्हणाल्या, दुरुस्त केलं तुम्ही. बरं झालं. दुसऱ्या कोणाचं तरी वाचेल.”

ते ऐकून त्याला निघून जावंसं वाटलं. गेलाही असता. ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. यंत्र बिघडलं, एवढंच ती समजून होती.

“ताई,” तो म्हणाला, “ही चूक मला जूनमध्येच एकीनं कळवली होती.”

ललिता हातातलं पातेलं पुसत होती. ते तिनं खाली ठेवलं. इतका वेळ ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती, ते गेलं; ती घरच्या अहिराणीवर आली.

“तुम्हले आधी सांगेल व्हतं?”

“हो.”

“मंग?”

“मी लक्ष दिलं नाही. तिला उलट बोललो. त्यामुळे बाकीच्यांनीही कळवलं नाही.”

“काय बोलनात तुम्ही तिले?”

“वाईट लिहिलं होतं.”

“काय लिखेल व्हतं ते वाची दखाडा माले.”

त्यानं फोन काढला. वाचताना त्याचा आवाज इतका खाली गेला की ती म्हणाली, “मोठ्यानं.” त्यानं पहिल्यापासून पुन्हा वाचलं. ‘इतक्या वर्षांनी तुम्हाला तरी हे कळायला हवं होतं.’ ‘फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढायला काही लागत नाही.’ ‘आधी नीट बघून मग लिहीत जा.’ ‘बंद करतोय.’ वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“आनि तिनी काय लिखं व्हतं?”

त्यानं सुलक्षणाची तक्रार वाचली. ‘वेळ मिळाल्यास कृपया बघावे.’

ललिता भिंतीला टेकून बसली होती. तिनं ओट्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “कितली चांगली भाषामा लिखेल शे तिनी.” आणि पुढे, “मना बाप बी असाच बोले. कोनले कधी अरे-तुरे नही.”

भूपेंद्रनं फोन खिशात ठेवला.

“उठा आते,” ती म्हणाली. “माले बठ्ठं आवरनं शे.”

तो उठला. दारात चपला घालताना त्यानं मागे वळून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण तिनं पातेलं उचलून पुन्हा पुसायला घेतलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याच आठवड्यात त्यानं पानावर सगळं लिहिलं. नानांचं नाव ललिताला फोनवर विचारून वगळलं, बाकी काही वगळलं नाही. आपलं जूनचं उत्तर जसंच्या तसं वर ठेवलं. आपण कोणाकोणाला काय बोललो त्याची यादी करायला बसला, पण ती इतकी लांबली की शेवटी त्यानं फक्त नावं लिहिली. कोणती तक्रार बंद करायची हे ठरवायचा अधिकार हितेंद्रला द्यायला तो तयार होता. हितेंद्रनं आधी नकार दिला, मग सहा महिन्यांपुरता होकार दिला, आणि तेही भूपेंद्रशी फोनवर बोलायचं नाही, लिहूनच कळवायचं, या अटीवर. कोणी तरी खाली लिहिलं, ‘आता माफी मागून काय उपयोग?’ भूपेंद्रनं ते तसंच राहू दिलं.

मग तक्रारी यायला लागल्या. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी सोळा. आठवड्यात एकसष्ट झाल्या. नव्या फारच थोड्या. कोणाची वर्षभर जुनी, कोणाची तीन वर्षं. तारीख उलटी वाचते. ओटीपीतलं शून्य खाते. ‘अर्धी गोळी’च्या ऐवजी ‘½’ असं चिन्ह असेल तर काहीच म्हणत नाही. इतकी वर्षं माणसं हे सगळं जवळ ठेवून, आपापल्या युक्त्या काढून, चुकत-माकत दिवस ढकलत होती. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या सुरुवातीला तेच लिहिलेलं. ‘माफ करा, चूक माझीही असेल.’ ‘नीट लिहिता येत नाही, रागावू नये.’ ‘आपला वेळ घेतोय त्याबद्दल क्षमस्व.’

अर्ध्या गोळीची तक्रार शिरपूरच्या त्या बाईंची होती, ज्यांच्यावरून हितेंद्रनं पूर्वी फोन केला होता. खाली त्यांनी नंबर दिला होता. सगळ्यात आधी तीच बघायला हवी होती. कॉलेज सुटल्यावर, रिकाम्या लॅबमध्ये बसून भूपेंद्रनं तो नंबर लावला आणि आपलं नाव सांगितलं.

“सर,” बाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “माझं काही चुकलं का?”